पडद्याकडे पाठ करून बसलेला बरकतमामू

आमच्या बरकतमामूने थेरगावपासून चाकणपर्यंत व्हिडिओ गेमची सात दुकानं उभी केली आणि त्यांतला एकही गेम तो आयुष्यात खेळला नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, बाहेर मोजून दोघातिघांना. बाकीच्यांना वाटायचं, एवढा मोठा गेमवाला, हा तर डोळे मिटून जिंकत असेल. डोळे मिटायचा, ते खरं आहे. पण उलटी होऊ नये म्हणून.

मामूला पडदा लागतो. काहींना एसटी लागते, काहींना घाट लागतो, तसा मामूला गेम लागतो. पडद्यावरची गाडी वळली की मामूचं डोकं गरगरतं, कपाळाला घाम येतो आणि तो अशा आवाजात "या अल्लाह" म्हणतो की शेजारचा माणूस आपली चप्पल बाजूला घेतो. म्हणूनच डांगे चौकाजवळच्या त्याच्या पहिल्या दुकानात गल्ल्यामागची खुर्ची अशी ठेवलेली असायची की टीव्ही पाठीमागे आणि रस्ता समोर. लोखंडी खुर्ची, बसायच्या जागी जुन्या टीव्हीच्या वायरी विणलेल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय माणूस आहे राव! मागे एवढी मारामारी चाललीये, पण हा वळून बघत नाही. धंद्यावर लक्ष!" मामू गंभीर चेहऱ्याने मान हलवायचा. तो चेहरा मी हुबेहूब करून दाखवते. भुवया वर, ओठ आत, आणि नजर समोरच्या रिक्षा स्टँडवर.

दुकान आधी टीव्ही दुरुस्तीचं होतं. भिंतीला टांगायचे पातळ टीव्ही आले, ते बिघडले की लोक दुरुस्त करायच्या ऐवजी नवीन आणू लागले, आणि मामू दिवसभर माश्यांशी बोलू लागला. अशात एक दिवस चौकातला गाड्यांचा मेकॅनिक अजिम त्याचं गेमचं मशीन घेऊन आला. "काही नाही मामू, आतला पंखा अडकलाय फक्त." मामूने पंखा साफ केला, मशीन जोडलं, आणि चाललं की नाही बघायला रिमोट हातात घेतला. कंट्रोलरला तो आजही रिमोटच म्हणतो. गाडी सुटली, पहिलं वळण आलं, आणि मामू दुकानातून जो सुटला तो थेट रस्त्याकडेच्या गटारापाशी.

अजिम हसून हसून खाली बसला. पण रिमोट मोकळा पडलेला बघून त्याने स्वतः खेळायला घेतलं. ते बघायला दोन पोरं थांबली, त्यांच्यामागे कंपनीतून सुटलेले चारजण थांबले, मग भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा. मामूने वर बघितलं तर त्याच्या दुकानासमोर कधी नव्हे ती गर्दी. गटारावर वाकलेल्या अवस्थेत त्याला धंदा दिसला.

मग त्याने डिस्कचा बदली-व्यवहार सुरू केला. जुनी द्या, वर थोडं टाका, दुसरी न्या. अडचण एकच होती. जो माल आपण बघूच शकत नाही, तो विकायचा कसा? मामूने उपाय काढला आणि तोच पुढे त्याच्या सगळ्या दुकानांचा कायदा झाला: डिस्क परत करायला आलास तर आधी बसायचं, चहा घ्यायचा, आणि गेममध्ये काय काय झालं ते सांगायचं. गोष्ट सांगितल्याशिवाय डिस्क परत घेतली जाणार नाही. आणि मग तीच गोष्ट मामू पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतःचा मसाला घालून सांगायचा.

"बस, भावा. हा गेम ने. ह्यात मेलेली माणसं उठून चालतात. कशी चालतात सांगू? तिसरी पाळी सुटल्यावर कंपनीच्या गेटातून पोरं येतात ना, अगदी तशी. त्यांचा काही दोष नाही बिचाऱ्यांचा, झोप झालेली नाही. तू त्यांना मारायचं नाही, तू आपलं बाजूने निघायचं."

"मामू, पण यात मारायचंच असतं ना?"

"ते तुझ्या मनावर आहे. मी असतो तर चहा पाजला असता."

पोलीस गाडीच्या मागे लागण्याचा गेम असेल तर मामूची गाडी नाशिक फाट्याला अडकायची, पोलीसही अडकायचे, आणि दोघं एकाच ठेल्यावर वडापाव खायचे. लोक डिस्क घरी नेऊन लावायचे, त्यात ना फाटा ना वडापाव. तरी तक्रार कुणी केली नाही. उलट म्हणायचे, "मामूने सांगितलं तसा नाहीये गेम. त्याने सांगितलं ते भारी होतं." शेवट मात्र तो कुणाला सांगायचा नाही. "शेवट पाहिजे तर खेळून ये, आणि मला येऊन सांग."

आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी बाकी जग आंघोळीला उशीर करतं, तेव्हा आमच्याकडे भोंगे वाजत असतात. त्यामुळे दुकानात खरी झुंबड गुरुवारी. अशाच एका गुरुवारी गेनूमामा आला. गेनूमामा म्हणजे चाकणजवळच्या गावातला शेतकरी गडी, आता कंपनीत. त्याने लोहाराच्या गेमची डिस्क परत आणली होती. त्या गेममध्ये एका लोहाराचा सख्खा भाऊ फितूर होऊन गडाचा दरवाजा शत्रूला उघडतो, आणि शेवटी तो भाऊ लोहाराच्या समोर येतो.

"मग?" मामू पुढे सरकला.

"मग काय? सोडला त्याला," गेनूमामा म्हणाला.

तिथेच बसलेल्या अजिमने हा गेम आदल्या आठवड्यात संपवला होता. तो उसळला. "सोडला? अरे, मी उडवला त्याला! गद्दार होता तो."

"सख्खा भाऊ हाय त्यो! मारतोय व्हय कुनी भावाला?"

"मेला तो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

"न्हाई मेला! माझ्या घरी जित्ता हाय!"

गेममध्ये खेळणाऱ्याच्या मनाप्रमाणे शेवट बदलतो, हे दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दुकानाच्या मालकाला. मामूने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि शाळेच्या मुख्याध्यापकासारखा हात वर केला. "एकच माणूस मेला पण आणि जिवंत पण? दोघांतला एक खोटं बोलतोय. जोपर्यंत तुमचं ठरत नाही, तोपर्यंत डिस्क परत घेणार नाही." आणि खरोखर घेतली नाही. दोघं संध्याकाळपर्यंत तिथेच भांडत बसले, जेवण मामूच्या घरून आलं. शेवटी मामूची बायको, आमची बिल्किसमुमानी, डबे न्यायला आली तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तिकीट एकच असलं तरी कुणी चिंचवडला उतरतो, कुणी आकुर्डीला. शेवट दोन असतील." मामूने डिस्क उचलून खणात टाकली. मग म्हणाला, "हे मला माहीत होतं. मी यांची परीक्षा घेत होतो."

त्या दिवसापासून गेनूमामा आणि मामू जे चिकटले ते चिकटले. दुसरं दुकान निघालं चाकणला, गेनूमामाच्या घराच्या पुढच्या खोलीत, पिठाच्या गिरणीला लागून. गेनूमामा पाळीवर गेला की गल्ल्यावर त्याची आई, सारजाबाई. डिस्कवरची चित्रं बघून ती माल विकायची. "ह्यो ने. ह्यातली बाई अंगभर कापडं घालती. आन् त्यो ठेव खाली, त्यो लई रागीट दिसतोय, तुझ्या बापावानी." चाकणच्या डिस्कवर कायम पीठ असायचं. गेम अडकला की लोक म्हणायचे, चाकणचा माल दिसतोय.

मग पिंपळे गुरव झालं, तिथे भाड्याने राहणारी कॉम्प्युटरवाली पोरं. मग भोसरी, मग निगडी. सहावं कोणतं आणि सातवं कोणतं यावर मामू-मुमानीचं आजही एकमत नाही, कारण मधलं एक दुकान गल्ली बदलून हललं आणि मामू ते हललं त्या दिवसापासून मोजतो. प्रत्येक दुकानात मामूचा कायदा लागू. परत आलेली डिस्क दिसली की तिथला माणूस मामूला फोन लावायचा, स्पीकर चालू करायचा, आणि गिऱ्हाईक गोष्ट सांगायचं. मामू थेरगावात खुर्चीत बसून, टीव्हीकडे पाठ करून, साती दुकानांच्या गोष्टी ऐकायचा. मध्येच "हां", "मग?", "अरे बापरे, आणि ती मुलगी?" त्याच्या आयुष्यातलं सुख विचाराल तर ते हेच. पैसे मुमानी बघायची.

आणि मग गेम हवेतून यायला लागले.

म्हणजे डिस्कच नको. नेट जोडा, बटण दाबा, गेम घरात. मामूला हे पटायला वेळ लागला. "हवेतून येतो म्हणजे? पडत नाही का मध्ये?" मुमानी म्हणाली, "हवेतून येत असेल तर आपण विकणार काय? हवा?" गुरुवारची गर्दी विरळ झाली. भोसरीचा माणूस फोन करेनासा झाला, कारण डिस्क परत येतच नव्हत्या. अशा वेळी बेंगळुरूवाले आले. त्यांच्या कंपनीचं नाव इंग्रजीत इतकं लांब आहे की ते बोर्डावर दोन ओळींत बसतं. मामू त्यांना बेंगळुरूवालेच म्हणतो. त्यांना साती दुकानं हवी होती. त्यात ते मोठे पडदे, फिरत्या खुर्च्या लावणार, स्पर्धा भरवणार, तासावर खेळायला देणार. आणि जुन्या डिस्क आहेत तोवर त्यांचीही बदली एका कोपऱ्यात चालू ठेवणार.

त्यांच्या वतीने बोलणी करायला यायचा सार्थक. आपल्याकडचाच मुलगा, वाकडला राहणारा, पण बोलणं असं: "सो बेसिकली काका, आपण ॲट द एंड ऑफ द डे एक फॅमिली आहोत." मुमानीने त्याच्याशी जी काय घासाघीस करायची ती केली. मामूने एकच गोष्ट मागितली. "बाकी सगळं घ्या. थेरगावच्या दुकानात गल्ल्यामागची खुर्ची माझी. मी बसणार, गोष्टी ऐकणार. तेवढं सोडून काय पाहिजे ते घ्या."

"काका, नो इश्यू! तुम्ही स्टोअर मॅनेजर. फक्त एक छोटीशी फॉर्मॅलिटी. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक मॅनेजरला सगळ्यांसमोर एक रेस पूर्ण करावी लागते. जिंकायची पण गरज नाही. जस्ट रस्ता संपवायचा. तुम्ही तर लेजेंड आहात, बेसिकली."

मामूने भुवया वर केल्या, ओठ आत घेतले आणि मान हलवली.

सार्थकची मोटरसायकल गल्लीतून बाहेर पडली तशी मुमानी म्हणाली, "सांगून टाका ना त्या पोराला, मला पडदा लागतो म्हणून."

"आता? लेजेंड म्हणाल्यावर?"

"मग रेस कोण संपवणार? मी?"

"लोक काय म्हणतील, बिल्किस? हलवायालाच साखर चालत नाही?"

खुर्ची हवी तर रस्ता संपवायचा, आणि रस्ता संपवायचा तर त्याच्याकडे बघायचं. मामू चाकणला गेला. गेनूमामाने गिरणीशेजारी टीव्ही लावला, हातात रिमोट दिला आणि समजावलं, "बरकतभाई, ह्ये दाबलं की पळती, ह्ये दाबलं की थांबती. सोप्पं हाय." मामूने दाबलं, गाडी पळाली, मामू गिरणीच्या मागे पळाला. दर खेपेला तेच. सारजाबाई पदर खोचून पुढे आली. "आरं, तू यष्टीत कुटं बसतोस? खिडकीपाशी ना? मग हितं बी वाऱ्याला बस. आन् ह्यो लिंबू हुंग." तिने पंखा मामूच्या तोंडावर सोडला. गिरणीतलं सगळं पीठ उडून मामूवर बसलं, पण लिंबाने फरक पडला. त्या दिवशी तो दुसऱ्या वळणापर्यंत गेला. गेनूमामाने गावभर सांगितलं, "बरकतभाईनं दुसरं वळन मारलं!" एकूण वळणं किती आहेत हे त्याने सांगितलं नाही.

उद्घाटन गुरुवारीच ठेवलं होतं. थेरगावचं दुकान ओळखू येत नव्हतं. भिंती काळ्या, दिवे जांभळे, पडदा लग्नातल्या स्टेजएवढा. मामूची लोखंडी खुर्ची बाहेर पायरीपाशी काढून ठेवलेली. तिच्या जागी लाल-काळी, चाकं असलेली, गोल फिरणारी. मामूने ती बघितली आणि खिशातला लिंबू चाचपला. आता पडद्याबरोबर खुर्चीही फिरणार होती.

गर्दी रस्त्यापर्यंत. अजिम पुढे, गेनूमामा त्याच्या शेजारी, सारजाबाईला खास स्टूल. सार्थकने माइकवर "लेट्स वेलकम" वगैरे केलं. मामू बसला, रिमोट हातात घेतला, लिंबू नाकाला लावला, आणि डोळे गच्च मिटले.

"गाडी सुटली, भावांनो!" मामूने सांगायला सुरुवात केली. "काय सुटली, काय सुटली! मागे धूळ, पुढे रस्ता..."

"मामू, गाडी उभी आहे!" अजिम ओरडला.

"इंजिन गरम होतंय!"

त्याने दाबलं. गाडी खरंच सुटली. आता सगळा चौक ड्रायव्हर झाला. "डावीकडे मामू! डावीकडे!" मामू स्वतः डावीकडे झुकला, खुर्ची डावीकडे फिरली, गाडी उजवीकडे गेली. "ब्रेक! ब्रेक!" मामूने पाय दाबला. पायाखाली काहीच नव्हतं.

"बरकतभाई, उलटा चाललाय तू! समद्या गाड्या अंगावर येत्यात!"

"मग सांग त्यांना बाजूला व्हायला!"

लोक हसून एकमेकांवर पडत होते. मामूला वाटलं, जिंकलो बहुतेक, नाहीतर एवढे खूश कशाला होतील. आणि बघायला म्हणून त्याने डोळे उघडले. जांभळे दिवे, स्टेजएवढा पडदा, समोरून येणारी अख्खी फौज, आणि खुर्ची अजून फिरतच होती. लिंबू घरंगळला. मामूने रिमोट सार्थकच्या हातात दिला, "धर बेटा," एवढंच म्हणाला आणि गेला. त्या गटाराला तो काही नवीन नव्हता.

तो तोंड धुऊन परत आला तोवर सार्थकचा चेहरा उतरला होता. "काका, सॉरी. रिझल्ट डायरेक्ट वर जातो. माझ्या हातात काही नाही." आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, कारण हे वाक्य त्याने "बेसिकली" न लावता म्हटलं. गल्ल्यामागे कंपनीने शिकवून तयार केलेला दुसराच मुलगा बसला. मामूने बाहेरची लोखंडी खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली आणि घरी आला. चौकातून येताना तो कुणाशी बोलला नाही. बडबड करणारा माणूस गप्प चालतो तेव्हा बघवत नाही.

घरी आल्यावर मात्र त्याने मुमानीचा जीव खाल्ला. तिची मालिका लागली की हा लोखंडी खुर्ची टीव्हीकडे पाठ करून मांडायचा आणि विचारायचा, "कोण रडतंय?" "का रडतंय?" "मग? सासू काय म्हणाली?" चौथ्या प्रश्नाला मुमानीने टीव्ही बंद केला. "तुमची खुर्ची घ्या आणि कुठंतरी चौकात जाऊन बसा! मला माझी मालिका माझ्या डोळ्यांनी बघू द्या!"

मामू खुर्ची घेऊन दुकानासमोरच्या अण्णासाहेबांच्या सलूनबाहेर जाऊन बसला. अण्णासाहेब म्हणाले, "बसा, पण दाढीवाल्यांची वाट अडवू नका." पहिला आला अजिम. तो आत डिस्क देऊन आला होता. आत आता डिस्क मशीनखाली धरतात, टुंई आवाज होतो, झालं. अजिम रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "मामू, चुकल्यासारखं वाटतंय राव. आत टुंई झालं आणि मी बाहेर. कुणी विचारलंच नाही काय झालं ते."

"बस. काय झालं?"

पुढच्या गुरुवारी सलूनबाहेर एवढी माणसं, की दाढीवाले कोण आणि गेमवाले कोण ते अण्णासाहेबांनाच कळेना. डिस्क समोर द्यायची, गोष्ट इथे. आणि ज्यांना नवीन गेम हवा ते आधी मामूकडे यायचे, ऐकायचे, मग आत जायचे. सार्थक दारातून बराच वेळ बघत होता. शेवटी तो रस्ता ओलांडून आला. सगळ्यांना वाटलं, आता हा कंपनीचा काहीतरी नियम काढणार.

"काका," तो म्हणाला, "तो लोहाराचा गेम... त्याला तिसरा शेवट पण आहे."

मामू खुर्चीतून अर्धा उठला. "काय सांगतोस?"

"मला कॉलेजात असताना सापडला. कुणाला सांगितलाच नाही, कुणी विचारलं नाही." सार्थक अजिमच्या शेजारी पायरीवर बसला. "भाऊ समोर येतो ना, तेव्हा सगळे काहीतरी दाबतात. मारायचं किंवा सोडायचं. मी त्या वेळी रडत होतो, रिमोट खाली ठेवला होता. काहीच दाबलं नाही. मग बऱ्याच वेळाने तो भाऊच पुढे येतो, विझलेल्या भट्टीत फुंकर मारतो. लोहार उठतो. दोघं मिळून भट्टी पेटवतात."

गेनूमामाने अजिमकडे बघितलं, अजिमने गेनूमामाकडे. इतक्या वर्षांचं भांडण, आणि दोघंही चुकलेले.

"म्हणजे रिमोटला हात न लावता शेवट होतो?" मामूने विचारलं.

"हो काका."

"अरे, मग हा गेम मला येतो!"

सार्थक एवढा हसला की अण्णासाहेब वस्तरा घेऊनच बाहेर आले. त्या दिवशी तो तिथून उठला तो थेट फोनला लागला. काका लोहाराचा गेम संपवून दाखवतील, तो परीक्षेला चालेल का, असं त्याने बेंगळुरूला विचारलं. नाही चालणार, रेसच हवी. मग सल्लागार म्हणून ठेवू का? सल्लागारालाही रेस. माल मोजणारा? रेस. अख्ख्या दुकानात रेस न करता मिळणारी एकच नोकरी निघाली: दारावरचा वॉचमन.

सार्थकने हे सांगितलं तेव्हा तो जमिनीकडे बघत होता. मुमानी चिडली. "सात दुकानांचा मालक, आणि आपल्याच दुकानाच्या दारात सलाम ठोकणार?"

मामूने एकच विचारलं. "बसायला खुर्ची मिळते?"

"मिळते काका. पण ती दाराशी, रस्त्याकडे तोंड करून ठेवायची असते. पडद्याकडे पाठ. चालेल?"

मामूने मुमानीकडे बघितलं. मुमानीने कपाळावर हात मारला, पण बोटांच्या आड ती हसत होती.

आता मामूला निळी टोपी आहे. लोखंडी खुर्ची दाराशी आहे. आत जाणारा प्रत्येकजण आधी त्याला लागतो आणि बाहेर पडणाराही. "थांब भावा. काय झालं ते सांगितल्याशिवाय दार उघडणार नाही." वॉचमनने असं म्हटलं की मामूला न ओळखणारी नवीन पोरंसुद्धा घाबरून सगळं सांगतात. सारजाबाई आली होती, तिने टोपी बघून विचारलं, "पोलिसात लागलास व्हय?" मामूने भुवया वर केल्या, ओठ आत घेतले आणि मान हलवली.

कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याला आठवड्याची सुट्टी मिळते, आणि आमच्याकडची सुट्टी म्हणजे गुरुवार, नेमका गर्दीचा दिवस. त्या दिवशी मामू टोपी घरी ठेवून दुकानावर जातो.